जुन्या गाडीचे स्पार्क प्लग आणि प्लगच्या वायरी कशा बदलाव्यात

पाऊस सुरू झाला की घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला जुनी पेट्रोल गाडी झटके देऊ लागते, सकाळी लवकर सुरू होत नाही आणि सुरू झालीच तर मिसिंग करते, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमधले मिश्रण पेटत नाही. अशा वेळी अनेक जण आधी पेट्रोलला किंवा कार्ब्युरेटरला दोष देतात. पण झिजलेले प्लग आणि भेगाळलेल्या वायरी त्याआधी तपासायला हव्यात. वापराने प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, रुंदावत जाते आणि ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. मग कॉइलमधून, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज वाढवणाऱ्या भागातून, आलेला हजारो व्होल्टचा करंट प्लगपर्यंत न जाता वायरीच्या कडक झालेल्या आवरणातून इंजिनाच्या धातूवर उडतो. खाडीकाठची दमट हवा त्याला मदतच करते. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागत असल्यामुळे, पेट्रोलवर बरी चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच अडखळते ती याच कारणाने. म्हणून प्लग आणि वायरी एकाच वेळी बदलाव्यात आणि शक्यतो मे महिन्यातच हे काम उरकावे, असे माझे ठाम मत आहे.

वायरींची अवस्था पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. रात्री गाडी मोकळ्या पण अंधाऱ्या जागी उभी करावी, पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत नाही याची खात्री करावी आणि इंजिन चालू ठेवून, हात न लावता, बॉनेटखाली पाहावे. वायरीतून करंट गळत असेल तर तिच्या कडेने बारीक निळसर ठिणग्या दिसतात आणि टक-टक असा आवाज येतो. चालू इंजिनाच्या वायरीला हात लावू नये. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर या कामापासून दूरच राहावे.

खरेदी करताना गाडीच्या पुस्तिकेतला प्लग क्रमांक दुकानदाराला सांगावा. ‘हाही बसतो’ म्हणून दिलेला प्लग आट्यांत बसेलही, पण त्याची लांबी किंवा उष्णता सोसण्याची श्रेणी वेगळी असेल तर इंजिनाचे नुकसान होते. वायरींचा पूर्ण संच घ्यावा. हत्यारांमध्ये आत रबर असलेला प्लग पाना, एक्स्टेन्शन, गॅप मोजायचे गेज आणि शक्य असल्यास टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) एवढे पुरते.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लग खोलू नयेत, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणातून) प्लग काढताना हेडचे आटे खराब होण्याची भीती असते. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. त्यानंतर एका वेळी एकाच सिलिंडरचे काम करावे, हा नियम काटेकोरपणे पाळावा. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-२ आहे. सगळ्या वायरी एकदम उपटल्या आणि दोन वायरींची अदलाबदल झाली, तर गाडी सुरू होत नाही किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजतात. वायर ओढू नये. तिच्या टोकाची रबरी टोपी धरून थोडी पिळावी आणि मग उचलावी. प्लगभोवतीची धूळ सायकलच्या पंपाने आधी उडवून टाकावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि निरखून पाहावेत. टोकाचा रंग बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे. चोक अडकला आहे का आणि एअर फिल्टर तुंबला आहे का, ते पाहावे. काळा, ओलसर, तेलकट थर असेल तर ऑइल वर येत आहे आणि नवा प्लगही काही दिवसांत तसाच होईल. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक इंजिन जास्त तापत असल्याची खूण आहे. एकच प्लग इतरांपेक्षा वेगळा दिसत असेल, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये शोधावा.

नव्या प्लगचा गॅप पुस्तिकेतल्या आकड्याशी पडताळून घ्यावा. सीएनजी किटच्या पुस्तिकेत वेगळा गॅप दिला असेल तर तो पाळावा. इरिडियमच्या प्लगचे बारीक टोक मात्र वाकवायला जाऊ नये. प्लगच्या मागच्या टोकाला पेट्रोलच्या रबरी पाइपचा तुकडा लावून तो हाताने फिरवत बसवावा. आटे तिरके लागले की पाइप आपोआप घसरतो आणि हेड वाचते. पान्याने मात्र तिरका प्लगही रेटला जातो. प्लग हाताने पूर्ण बसल्यावर, वॉशर असलेला नवा प्लग पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळावा. टॉर्क रेंच असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्यांच्या अशा प्लगला साधारणपणे २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरते. त्याहून जास्त जोर लावण्यात काहीही फायदा नाही.

नवी वायर जुनीच्याच लांबीची निवडावी, तिची टोपी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी आणि वायर मूळच्या क्लिपांमधूनच न्यावी, म्हणजे ती गरम एक्झॉस्टला टेकणार नाही. टोपीच्या आत किंचित सिलिकॉन ग्रीस लावल्यास दमटपणा आत शिरत नाही. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) असलेल्या गाडीत त्याची कॅप उघडून आत तडे किंवा काळ्या रेघा आहेत का, हेही याच वेळी पाहावे.

बॅटरी जोडून गाडी सुरू करावी, इंजिन तापल्यावर एखाद्या चढावर न्यावी आणि सीएनजी असल्यास गॅसवरही चालवून पाहावी. मिसिंग कायम राहिले तर गाडी तशीच दामटू नये, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. आधी वायरींचा क्रम पुन्हा तपासावा, मग डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा रोटर आणि शेवटी कॉइल.