काळ्या प्लास्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग? या चुका टाळा

दसऱ्याच्या आधी अनेक जण गाडी घरीच पॉलिश करतात. बॉनेट आणि दारं झकास चमकतात, पण चाकांभोवतीच्या काळ्या क्लॅडिंगवर म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर, बंपरच्या खालच्या भागावर आणि वायपरखालच्या पट्टीवर पांढरट फराटे राहतात. मग सुरू होते घासाघीस, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

हे प्लास्टिक रंगवलेलं नसतं. बहुतेक गाड्यांमध्ये ते पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि साच्यातून येतानाच त्याचा पृष्ठभाग दाणेदार असतो. पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी बारीक पूड असते, तेल असतं, काहींत वॅक्सही. रंगवलेल्या पत्र्यावर ते पुसलं की निघतं. इथे मात्र ते दाण्यांमधल्या खाचांत जाऊन वाळतं आणि कोरडं फडकं वरूनच फिरत राहतं. म्हणून जोर लावून उपयोग नाही. आधी डाग सैल करायचा, मग उचलून घ्यायचा.

त्याआधी डाग पॉलिशचाच आहे ना, हे बघा. पॉलिशचा डाग रंगवलेल्या भागाच्या कडेला, हात फिरला त्या दिशेने ओढलेला असतो. संपूर्ण पट्टी सारखीच राखाडी झाली असेल तर ते उन्हाने विटलेलं प्लास्टिक आहे. ते कितीही धुतलं तरी काळं होणार नाही. गोल ठिपके असतील तर बोअरच्या पाण्यातले क्षार असू शकतात. त्यांना पाणी घातलेलं व्हिनेगर लागतं, पॉलिशच्या डागावर त्याचा फारसा उपयोग नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे डागावरच टायर पॉलिश किंवा खोबरेल तेल चोपडणं. प्लास्टिक लगेच काळंभोर दिसतं, पण डाग खाली तसाच असतो. चार-दोन धुण्यांत तो पुन्हा वर दिसतो, तेलावर धूळ चिकटते ती वेगळीच, आणि आता दोन थर काढावे लागतात.

पेट्रोल आणि थिनर तर हातातही घेऊ नका. थिनरने शेजारचा रंग खराब होतो आणि पेट्रोलच्या वाफा ठिणगीने पेट घेतात. भांड्यांची हिरवी घासणी, तारेचा ब्रश आणि ‘मॅजिक’ नावाने मिळणारा पांढरा स्पंजही दूर ठेवा. यांनी दाणेच झिजतात. तो भाग कायमचा गुळगुळीत होतो आणि प्रकाशात वेगळा दिसतो. घरी ते दाणे परत आणता येत नाहीत. हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, प्लास्टिक काळं करायचे व्हिडिओ बघून तो प्रयोगही करू नका. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं आणि हीट गनची हवा त्याहून कितीतरी गरम असते.

आता योग्य पद्धत. गाडी सावलीत आणा, प्लास्टिक हाताला थंड लागू द्या. आधी कार शाम्पूने धुवा. ताजा डाग बऱ्याचदा इथेच निघतो. राहिला तर ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे अनेक पृष्ठभागांना चालणारं सफाईचं द्रावण, घ्या. बाटलीवर वेगळं प्रमाण नसेल तर एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी पुरतं. एका वेळी वीतभर जागाच भिजवा आणि मिनिटभर थांबा. मग मऊ टूथब्रश हलक्या हाताने सगळ्या दिशांनी फिरवा, म्हणजे ब्रशचे केस खाचांत शिरतात. सुटलेला फेस वाळण्याआधी ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि फडक्याची घडी बदलत राहा. फेस वाळू दिलात तर सुटलेली पूड परत तिथेच बसते. शेवटी भरपूर पाण्याने धुवा.

वॅक्सचा जुना डाग एवढ्याने हटत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल तितक्याच पाण्यात मिसळा, फडक्यावर घ्या आणि तेवढ्याच जागी पुसा. हवा खेळती ठेवा, जवळ आग नको. कडेच्या बारीक रेघांना शाळेतला मऊ पांढरा खोडरबर उत्तम! मला तर सुरुवात त्यानेच करावीशी वाटते, कारण वेगळं रसायन लावावं लागत नाही. चकचकीत काळ्या पियानो ब्लॅक पट्ट्यांवर मात्र ब्रश आणि खोडरबर दोन्ही नकोत, लगेच ओरखडे दिसतात.

ओलं प्लास्टिक नेहमी स्वच्छच दिसतं. म्हणून पूर्ण वाळल्यावर, उजेडात बघूनच काम झालं की नाही ते ठरवा. प्लास्टिकला काळेपणा देणारं ट्रिम ड्रेसिंग त्यानंतर, आणि शक्यतो पाण्यावर आधारित.

पुढच्या वेळी पॉलिशला हात घालण्याआधी कडांना रंगाऱ्याची मास्किंग टेप लावा. खोक्यांची तपकिरी टेप गोंद सोडते, ती नको. काम संपलं की टेप लगेच काढा. उन्हात राहिली तर तिचाही गोंद दाण्यांत उतरतो.