‘एवढ्या थंडीत कुठला साप?’ हिमालयन पिट व्हायपरबाबत या चुका टाळा

हिमालयात ट्रेकला निघालेली मंडळी स्लीपिंग बॅग किती तापमानाला चालेल हे दहा वेळा विचारतात. सापाचा विषय निघालाच तर हसून सोडून देतात. पहिली चूक हीच. हिमालयन पिट व्हायपर हा छोटा विषारी साप पाकिस्तानपासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळपर्यंत सापडतो आणि त्याची नोंद थेट ४,९०० मीटरपर्यंत आहे. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याचा हा लांबचा भाऊबंद. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये याच्याही खळगा असतो, त्यातून त्याला भक्ष्याच्या अंगाची ऊब कळते.

दुसरी चूक म्हणजे त्याला भलत्या जागी शोधणं. आपण ओलं गवत जपून तुडवतो आणि दमलो की उन्हात तापलेल्या दगडी बांधावर खुशाल बसतो. सापाला स्वतःची ऊब नसते, ती तो त्याच दगडावरून घेतो. हिवाळा कपारीत झोपून काढायचा, उन्हाळ्यात मिळेल तेवढं ऊन अंगावर घ्यायचं, असा त्याचा हिशेब. अंडी थंड मातीत सोडण्याऐवजी तो थेट पिल्लंच देतो, तीही बहुधा पावसाळ्याच्या शेवटी. म्हणून दगड, पडका ओंडका किंवा सरपणाचा ढीग दिसला की आधी काठी लावा, मग हात.

‘पाय आपटले की पळेल’ यावरही फार विसंबू नका. जेमतेम दोन फुटांचा, तपकिरी ठिपक्यांचा हा साप सुस्त असतो. पालापाचोळ्यात मिसळून जागीच बसून राहतो.

आता चावल्यावरच्या चुका. दोरी करकचून बांधणं, चिरा देणं, तोंडानं विष ओढणं, बर्फ चोळणं, वर दारूचा घोट पाजणं: यातलं काहीही करू नका. अंगठी, घड्याळ, बूट लगेच काढा, कारण सूज चढते. चावलेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि माणसाला शक्यतो चालवू नका, उचलून न्या. दुखतं म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. रक्त गोठण्यात आधीच गडबड होऊ शकते, त्यात भर नको.

बहुतेकदा वेदना आणि सूज येते, काही दिवसांत उतरते. पण तेवढ्यावर ‘लहान साप, लहान विष’ म्हणून तंबूत पडून राहणं हा जुगार आहे. रुग्णालयात साध्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून ते गोठतं का हे पाहतात. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून देखरेखीखाली थांबावं.

तिथे सोबत्यांकडून आणखी एक चूक होते: ‘आधी इंजेक्शन द्या’ म्हणून डॉक्टरांशी हुज्जत. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बेतलेलं आहे. पिट व्हायपर त्यात नाही, आणि प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते ती वेगळीच. साप कोणता याची खात्री नसेल तर काय द्यायचं हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतील. त्यांना मदत करायची तर लांबून काढलेला फोटो दाखवा. साप मारून पिशवीत घालून नेऊ नका. तुटलेलं डोकंही काही काळ चावू शकतं.