फोनची कंपनी बदलताय? या चुका टाळा

नवा फोन घ्यायचा म्हटलं की घरात वाद सुरू होतो: सॅमसंग घ्यावा, वनप्लस घ्यावा, की थोडे पैसे घालून यंदा आयफोनच घ्यावा? माझं स्पष्ट मत आहे की कंपनीवरून वाद घालणं हीच पहिली चूक. एकाच कंपनीचा बारा हजारांचा फोन आणि सत्तर हजारांचा फोन यांत नाव सोडलं तर फारसं काही सारखं नसतं. ‘मेहुण्याचा सॅमसंग पाच वर्षं मस्त चाललाय’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, कोणतं मॉडेल?

याचा फटका सगळ्यात जास्त अपडेटच्या बाबतीत बसतो. गूगलने ऑक्टोबर 2023 मध्ये पिक्सेल 8 साठी आणि सॅमसंगने जानेवारी 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 साठी 7 वर्षं अपडेट जाहीर केले. तेव्हापासून या कंपन्यांचा कुठलाही फोन सात वर्षं चालणार असं लोक धरून चालतात. तसं नाही, प्रत्येक मॉडेलचा वायदा वेगळा असतो. शिवाय ही वर्षं मोजतात मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. चार वर्षांचा वायदा असलेलं, दोन वर्षांपूर्वी आलेलं मॉडेल सेलमध्ये स्वस्तात घेतलंत, तर तुमच्या वाट्याला दोनच वर्षं उरतात. ज्या फोनवर बँकेचं ॲप आणि यूपीआय चालतं, त्याचे सुरक्षा अपडेट बंद होणं ही किरकोळ बाब नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका. 200 मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. दुकानात ट्यूबलाइटखाली चालत्या माणसाचा फोटो काढा, मोठा करून चेहरा बघा. दोन मिनिटांत कळतं.

‘5जी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. जिओचं सिम असेल तर फोनमध्ये एन28 बँड आहे का ते बघा. ही 700 मेगाहर्ट्झची लहर भिंतींतून आत चांगली शिरते, म्हणून जुन्या दगडी घरात किंवा इमारतीच्या आतल्या खोलीत फरक पडतो. सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला स्क्रीन बदलायला जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा घालाव्या लागल्या, तर स्वस्ताई तिथेच संपते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना लोक ऑनलाइन एक्स्चेंज लावतात. डिलिव्हरीवाला दारात येतो, जुना फोन रीसेट केलेला मागतो, तपासतो आणि घेऊन जातो. संध्याकाळी नवा आयफोन सुरू केल्यावर कळतं की व्हॉट्सॲप रिकामं आहे. बॅकअप घेतला होता ना? घेतला होता, पण तो गूगल ड्राइव्हवर. आयफोन तो वाचत नाही, त्याचा बॅकअप ॲपलच्या आयक्लाउडवर असतो. चॅट न्यायचे तर दोन्ही फोन शेजारी-शेजारी हवेत, जुन्यावर ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप हवं आणि आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच हे काम करायला हवं. नंबरही तोच ठेवावा लागतो. आई-वडिलांचे जुने व्हॉइस मेसेज ज्यांनी असे गमावलेत, त्यांची हळहळ ऐकवत नाही. म्हणून कंपनीबरोबर सिस्टीमही बदलत असाल, तर दारातल्या एक्स्चेंजच्या फंदात पडू नका. दोन-तीन हजार कमी मिळाले तरी चालतील, आठवड्याने दुकानात नेऊन विका.

आयफोन सेट करून झाला आणि चॅट राहूनच गेले? जुना फोन हाताशी असेल तर आयफोन रीसेट करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. नव्या फोनवर यूपीआय चालू होत नसेल, तर बँकेला दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये आहे का आणि त्यावरून एसएमएस जातोय का ते बघा; प्रीपेडला एसएमएसचा बॅलन्स नसणं हे नेहमीचं कारण. आयफोन सोडून अँड्रॉइडवर येणाऱ्यांनी सिम काढण्याआधी आयमेसेज (ॲपलची मेसेज सेवा) बंद करावं, नाहीतर आयफोनवाल्यांचे काही मेसेज जुन्या पत्त्यावरच जात राहतात. ॲपल वॉच अँड्रॉइडशी जुळत नाही, आणि गॅलेक्सी वॉच 4 पासून पुढची घड्याळं आयफोनशी जुळत नाहीत, तेव्हा घड्याळाची किंमतही हिशोबात धरा.

जुना फोन देण्याआधी ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनसाठी लागणारे) कोड नव्यावर हलवा, मग अँड्रॉइडमधून गूगल खातं काढा किंवा आयफोनवर हरवलेला फोन शोधणारं ‘फाइंड माय’ बंद करा, आणि त्यानंतरच रीसेट करा. हा क्रम चुकला तर फोन तुमच्या खात्याला अडकून राहू शकतो आणि मग घेणाऱ्याला तो सुरूच करता येत नाही.