माचा करताना हात रवीसारखा फिरवू नका

क्योतोत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जवळच्या उजी शहरातून माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा, ३० ग्रॅमचा डबा आणला आणि त्यातला चमचाभर कपात घालून वर उकळतं पाणी ओतलं. वर गुठळ्या, तळाशी चिखल, आणि चव अशी की त्यापेक्षा काढा परवडला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी त्याच डब्यातला चहा करून दिला, तो चक्क गोडसर लागला. म्हणजे घोळ माझ्या हाताचा होता.

माचासाठी पानं तोडायच्या आधी साधारण तीन आठवडे झाडांवर आच्छादन घालतात. ऊन कमी झालं की पानातलं थिॲनिन हे गोडसर चवीचं द्रव्य टिकून राहतं, त्याचं तुरट कॅटेचिनमध्ये रूपांतर कमी होतं. गोडवा येतो तो तिथून. आपण उकळतं पाणी ओतलं की नेमका तुरटपणाच भसाभसा उतरतो. शिवाय ही पानं दगडी जात्यावर दळायची, तर तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते. असा पाऊण तासाचा दळलेला ऐवज मी वाया घालवायला निघाले होते!

तर आजींची रीत अशी. पाणी उकळून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, मग तिसऱ्या. दर ओतण्याला ते दहाएक अंशांनी निवतं. ८० अंशांच्या आसपास हवं. तोवर वाडग्यात थोडं गरम पाणी घेऊन त्यात चासेन, म्हणजे बांबूची ती नाजूक काड्यांची घुसळणी, बुडवून ठेवायची. कोरड्या काड्या पटकन मोडतात. मग ते पाणी फेकून वाडगा पुसून अगदी कोरडा करायचा.

आता चाळणी. ही पायरी मी महिनाभर टाळली, आणि महिनाभर गुठळ्या प्यायले. पूड इतकी बारीक असते की कण एकमेकांना चिकटून बसतात. पाणी पडल्यावर त्या गुठळ्या कितीही घुसळा, फुटत नाहीत. बारीक जाळीच्या गाळणीतून दोन ग्रॅम पूड चमच्याच्या पाठीने हलकेच दाबून वाडग्यात पाडा. चाशाकुने, म्हणजे पूड घ्यायच्या बांबूच्या लांबट चमच्याने, घेतली तर दोन भरलेली टोकं.

७० मिली पाणी घाला आणि घुसळा. इथे आपला हात दगा देतो. रवीची सवय, तो आपोआप गोल फिरतो आणि फेस काही येत नाही. चासेन पुढे-मागे चालवायची, भराभर, नागमोडी. दंड स्थिर, हलतं ते फक्त मनगट. काड्या तळाला घासू द्यायच्या नाहीत. पंधरा-वीस सेकंदांत फेस येतो. मग चासेन थोडी वर उचलून मोठे बुडबुडे फोडायचे, शेवटी जपानी ‘नो’ अक्षर गिरवल्यासारखं एक वळण घेऊन मधोमध बाहेर काढायची. फेसाचा फार बाऊ मात्र नको. जपानी चहाविधीच्या उरासेन्के घराण्यात तो भरपूर काढतात, ओमोतेसेन्केत थोडाच, बाकी पृष्ठभाग मोकळा ठेवतात. मला दुसरा आवडतो, आळशीपणालाही सोयीचा.

वागाशी, म्हणजे चहासोबतची जपानी मिठाई, आधी खाऊन संपवायची, चहाबरोबर नाही. जिभेवर गोडवा रेंगाळत असताना वाडगा डाव्या तळव्यावर घ्या, उजव्या हाताने घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा फिरवा, म्हणजे त्याच्या दर्शनी बाजूला ओठ लागत नाहीत. तीन-चार घोटांत संपवा. रेंगाळलात तर पूड तळाशी बसते. शेवटचा घोट आवाज करून सुर्रकन ओढायचा. मला संकोच वाटायचा, पण चहा संपला हे यजमानाला कळायची तीच खूण.

दूध घालून प्यायचा असेल तर स्वस्तातला माचा चालतो. डबा उघडला की घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिनाभरात संपवा, नाहीतर हिरवा रंग पिवळट पडतो. चासेनला साबण लावू नका; नुसत्या कोमट पाण्यात खळबळून उभी वाळवा. माझी पहिली मी झाकणाच्या डब्यात ओलीच बंद केली होती. तिला बुरशी आली.