माशी बांधायला बसण्याआधी

अमेरिकेत मिशिगनमध्ये ट्राउट माशांच्या नादाला लागलेला माणूस आज ना उद्या ‘ग्रिफिथ्स नॅट’ बांधायला बसतोच. माशी म्हणजे खरी नव्हे, माशाला फसवायला गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली नकली. पाण्यावर तरंगणारी ही इवलीशी माशी जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाने ओळखली जाते. ग्रेलिंगजवळ ऑ साबल नदीकाठच्या त्यांच्या घरी १९५९ साली ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संघटना सुरू झाली. गळ वगळला तर हिला लागतं काय? काळा दोरा, कोंबड्याचं एक पीस आणि मोरपिसाचे दोन-तीन धागे. शेपूट नाही, पंख नाहीत. म्हणून पहिली माशी हीच बांधा.

गळ ड्राय फ्लायचाच, म्हणजे तरंगणाऱ्या माशीचाच आणा; त्याची तार बारीक असते. जाड तारेचा गळ माशीला घेऊन बुडतो. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे आधी डोक्यात बसवून घ्या. नदीवर १८ ते २२ चे गळ चालतात, पण शिकताना १४ घ्या. मी थेट १८ ने सुरुवात केली आणि पहिली संध्याकाळ गळापेक्षा स्वतःच्या बोटांशीच झगडण्यात घालवली. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आत्ताच दाबून टाका. पकडलेला मासा सोडताना त्याला इजा कमी होते, आणि गळ कच्चा असेल तर मेहनत घालण्याआधीच मोडतो.

खरा वेळ द्यायचा तो कोंबड्याच्या पिसाला, म्हणजे हॅकलला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, ग्रिझली म्हणतात ते घ्या, आणि कोंबड्याचंच घ्या. कोंबडीचं पीस मऊ असतं, पाणी पितं. कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे तंतू ताठ असतात आणि त्या ताठ टोकांवरच माशी पाण्याच्या पृष्ठभागावर उभी राहते. पीस वाकवून गळाशेजारी धरा. तंतू उभे राहतात, त्यांची लांबी गळाचं टोक आणि दांडा यांच्यातल्या अंतराएवढी किंवा किंचित जास्त हवी. फार लांब असतील तर माशी कलंडते. बुडाशी असलेला कापसासारखा पिंजारलेला भाग बोटांनी ओरबाडून काढा.

मोरपिसाची गंमत वेगळी. पुण्याला घरी कॅलेंडरमागे एक खोचलेलं असतं, आणि आई दर वेळी म्हणते, “ने की, तुझ्या माश्यांना होईल.” भारतात मोराचं आपोआप गळलेलं पीस बाळगायला मनाई नाही, पण ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा घरचं पीस घरीच राहू द्या, इथल्या दुकानातलं पाकीट आणा. डोळ्याच्या खालचे धागे चांगले भरदार असतात. त्यांची टोकं ठिसूळ, म्हणून एखादा सेंटिमीटर छाटून मगच गळाला बांधा. तरीही हे धागे ट्राउटच्या दातांत लगेच तुटतात. गुंडाळण्याआधी त्यांना दोऱ्याभोवती पीळ द्या, मग टिकतात.

दोरा बारीक, ८/० चा. बॉबिनच्या, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरायच्या साधनाच्या, नळीच्या कडेला चीर नाही ना, हे पाहा, नाहीतर दोरा सारखा तुटेल आणि खापर तुमच्या हातांवर फुटेल. कात्री टोकदार हवी, तार कापायची नव्हे. गळ घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, दिवा आणि मागे पांढरा कागद, बस्स.

आता क्रम एकदा मनात घोळवा. दोऱ्याचा थर द्यायचा, गळाच्या वळणापाशी हॅकल आणि मोराचे धागे बांधायचे, धागे पुढे गुंडाळून अंग भरायचं, त्यावरून हॅकलचे पाच-सहा विरळ वेढे द्यायचे, आणि शेवटी गाठ. नेढ्यामागे थोडी जागा मोकळी सोडायचीच. माझी पहिली माशी दिसायला झकास झाली होती, पण नदीवर गेल्यावर कळलं, नेढं दोऱ्याने आणि नेलपॉलिशने पार बुजलंय. म्हणून टेबलावर एक शिवणाची सुई ठेवा. गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब दिला की तो ओला असतानाच सुई नेढ्यातून आरपार घालायची.

आणि पिसांचं पाकीट उघडण्याआधी खोलीतला पंखा बंद करा.