गोठ्याला चुना मारायचाय? आधी तो नीट विरवा

पाऊस सरला की करवीर-पन्हाळ्याकडच्या वस्त्यांवर गोठ्यांना चुना मारायचं काम निघतं. पुढं गुऱ्हाळं पेटली की तिथंही चुना लागतो, रसाचा आंबटपणा मारायला आणि भेंडीच्या चिकाबरोबर मळी वर काढायला. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावतानाही केस सुटावेत म्हणून ते आधी चुन्यात भिजवतात. जो चुना म्हशीच्या कातड्यावरचे केस सोडवतो, तो आपल्या तळहाताला सोडेल कसा? पण रोजच्या पाहण्यातला म्हणून त्याला कुणी भीत नाही.

भट्टीत चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की कर्ब वायू (कार्बन डायऑक्साइड) निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. याला पाण्याची जबरदस्त ओढ. पाणी मिळालं की तो तापतो, फुगतो, फुटतो आणि त्याचा विरलेला चुना होतो. एवढी उष्णता सुटते की पिंपातलं पाणी उकळायला लागतं. विरलेला चुना निवला तरी गरीब होत नाही. त्याच्या निवळीचा सामू (पीएच) 12.4च्या आसपास असतो.

भांडं आणि कपडे

अर्धं कापलेलं लोखंडी पिंप सगळ्यांत बरं. प्लॅस्टिकची बादली उष्णतेनं मऊ पडते. ॲल्युमिनियमचं पातेलं तर नकोच, चुना त्या धातूला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही याच कारणानं टाळा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, गमबूट आणि नाकातोंडाला मास्क. पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली की सांडलेला चुना थेट बुटात उतरतो. डोळ्यांना मात्र बाजूनं बंद असलेला चष्माच हवा, उन्हाचा काळा गॉगल चालत नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत कामगार वापरतात तसला घ्या. गोठा रंगवायला चष्मा कशाला म्हणून गडी हसेल. हसू दे.

विरवताना

जागा उघडी, वाऱ्याकडं पाठ, पोरं आणि जनावरं लांब. शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली घागर आणि तांब्या आधीच ठेवा. पिंपात पाणी आधी, चुना नंतर. उलटं कधीच नाही. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतलं तर थोड्याशा पाण्याची तिथंच वाफ होते आणि कढत चिखल तोंडावर उडतो.

1 किलो चुन्याला 5 लिटर पाणी धरा आणि पिंप निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. लांब दांड्याच्या फावड्यानं थोडे थोडे खडे सोडा. चरचर आणि फसफस थांबली की पुढचे. सगळ्यांत फसवा चुना म्हणजे भट्टीत जास्त भाजलेला. तो बराच वेळ गप्प बसतो. अशा वेळी ‘का तापेना’ म्हणून वाकून बघायला जायचं नाही आणि घाईनं आणखी खडेही टाकायचे नाहीत, कारण एकदम उकळी फुटते. मधूनमधून लांब काठीनं ढवळा, तळाशी कोरडा खडा राहता कामा नये.

चोवीस तास झाकून ठेवा. मग जाड कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक मिसळा आणि पातळ हात मारा. ओला असताना तो फिका दिसेल, वाळल्यावर उजळतो. हवेतला कर्ब वायू घेऊन तो भिंतीवर पुन्हा चुनखडीच बनत जातो. गव्हाण वाळेपर्यंत जनावर बांधू नका.

अंगावर किंवा डोळ्यांत गेला तर

कोरडी भुकटी अंगावर पडली तर आधी कोरड्या फडक्यानं झटका, कपडे काढा, मग वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवा. लिंबू, व्हिनेगर, हळद, तूप यातलं काही लावू नका. आग होत नाही म्हणून निश्चिंतही राहू नका. आम्लापेक्षा चुन्यासारखी अल्कली त्वचेत खोल शिरते आणि दुखणं मागाहून येतं.

डोळ्यांत गेला तर एक क्षणही चोळू नका. पापण्या बोटांनी उघड्या धरून अर्धा तास पाणी सोडत राहा. वरच्या पापणीखाली कण चिकटून बसतात आणि तिथंच जाळत राहतात, म्हणून धुणं झालं तरी डॉक्टर हवाच. 108ला फोन करा किंवा थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या, आणि वाटेतही धूत राहा. हेच तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुडीला आणि ट्यूबला लागू आहे. लहान मूल ती दाबतं आणि ती फुटून डोळ्यांत जाते. दृष्टी गेल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा पुडी कोनाड्यात नको, वर ठेवा.

उरलेला चुना

कळीचा उरला तर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच. पोत्यात ठेवला तर ओल खाऊन फुगतो आणि पोतं फाडतो. पाचट, कडबा, लाकूडफाटा यांच्याजवळ तर अजिबात नको, छप्पर गळून पाणी पडलं तर चुन्याच्या उष्णतेनं ते पेट घेऊ शकतात. विरलेला उरला तर वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवा, पुढच्या कामाला येतो. ओढ्यात किंवा विहिरीजवळ मात्र ओतू नका, मासे मरतात.