डिस्क भरलेली, पण फाइल कुठेच नाही

लिनक्स सर्व्हरवरची 40 जीबीची लॉग फाइल (घडामोडींच्या नोंदींची) पुसली, तरी 'डीएफ' (df, डिस्कवरची जागा सांगणारी कमांड) डिस्क भरलेलीच दाखवत होतं. फाइलींनी घेतलेली जागा मोजणाऱ्या 'डीयू'ची (du) बेरीज मात्र बरीच कमी. दोन्ही खरंच सांगत होते: डीयू फोल्डरांतली नावं धरून मोजतं, डीएफ फाइल सिस्टिमकडचा मोकळ्या ब्लॉकांचा (डिस्कवरच्या जागेच्या तुकड्यांचा) हिशेब देतं. पुसल्यावर जातं ते फक्त नाव. आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) आणि त्याचे ब्लॉक सुटायला शेवटचं नावही जावं लागतं आणि फाइल उघडी धरलेल्या शेवटच्या प्रोसेसनेही ती सोडावी लागते. मला ही रचना फार सुंदर वाटते. पुसलेल्या पण अजून उघड्या फाइली दाखवणारं 'एलएसओएफ +एल1' (lsof +L1) चालवलं, तर लॉग लिहिणारी सेवाच फाइल धरून बसलेली! ती रीस्टार्ट करताच जागा मोकळी झाली. आता चालू लॉग मी पुसत नाही, 'ट्रंकेट' (truncate) कमांडने तिचा आकार शून्यावर आणतो.